निकालाआधीचा वर्ग

थर्गूड मार्शल रोज बाल्टिमोरहून आगगाडीने वॉशिंग्टनला येत. मेरिलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल त्यांच्या गावातच होतं, पण काळ्या मुलांना तिथे दार बंद होतं. हॉवर्ड विद्यापीठाच्या फीसाठी आईने लग्नातल्या अंगठ्या गहाण टाकल्या होत्या.

हॉवर्ड १८६७चं, यादवी युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी उभं राहिलेलं. १८६९मध्ये तिथे कायद्याचे वर्ग भरू लागले. १९२९मध्ये त्यांची सूत्रं चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्याकडे आली. पहिल्या महायुद्धात सैन्याधिकारी असताना वर्णद्वेष सोसून ते कायद्याकडे वळले होते. त्यांनी संध्याकाळचे वर्ग बंद केले, दिवसाचं पूर्णवेळ शिक्षण सुरू केलं आणि अभ्यास इतका कडक केला, की अनेक मुलं गळाली. वकील हा समाजाचा अभियंता असला पाहिजे, ही त्यांची शिकवण.

समोर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८९६चा प्लेसी निकाल होता: काळ्यांना वेगळं ठेवा, पण समान द्या. ह्यूस्टननी त्यातला ‘समान’ हा शब्दच धरला. खरोखर समान द्यायचं, तर प्रत्येक राज्याला सगळं दोनदा उभारावं लागेल. तो खर्च कुणाला झेपणार? सुरुवात लॉ स्कूलपासून केली, कारण चांगलं लॉ स्कूल कशाला म्हणतात, हे न्यायाधीशांना समजावून सांगावं लागत नाही. मार्शल १९३३मध्ये पहिले आले. दोनच वर्षांत या गुरुशिष्यांनी डोनाल्ड मरे या काळ्या तरुणाला कोर्टातून प्रवेश मिळवून दिला, त्याच मेरिलँडच्या लॉ स्कूलमध्ये.

पुढचं पाऊल एका विद्यार्थिनीने सुचवलं. वर्गात एकमेव स्त्री असलेल्या पॉली मरे यांना बाई म्हणून इथेही टोमणे ऐकावे लागले. ‘समान’वर वाद घालत बसण्यापेक्षा ‘वेगळं’वरच घाव घाला, असं त्या म्हणाल्या तेव्हा वर्ग हसला. त्यांनी प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली: पंचवीस वर्षांत प्लेसी उलटेल. १९४४मध्ये त्या पहिल्या आल्या.

पुढे शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या ब्राउन खटल्याच्या युक्तिवादाची रंगीत तालीम हॉवर्डमध्येच झाली. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शाळांमधली वर्णभेदाची विभागणी बेकायदा ठरवली. ह्यूस्टन चार वर्षांपूर्वीच गेले होते. मार्शल १९६७मध्ये त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाले. आणि ‘वेगळं’वर घाव घालणारा पॉली मरे यांचा विद्यार्थिनी असतानाचा निबंध रॉबिन्सननी ब्राउन खटल्याच्या तयारीत शोधून काढला होता, हे मरे यांना कळलं, ते बऱ्याच वर्षांनी. पैज तर त्यांनी दहाच वर्षांत जिंकली होती.