फोडणीशिवायचा रस्सा

फोडणी नाही, काळा मसाला नाही, असा रस्सा सोलापूरच्या माणसापुढे ठेवला की तो आधी विचारणार, "घरात कुणी आजारी आहे का?" आमच्याकडेही हेच झालं. रस्सा होता ग्रीसचा, नाव फासोलाडा. पांढऱ्या घेवड्याचे दाणे, कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल, की झाली यादी. ग्रीक माणसं याला आपला राष्ट्रीय पदार्थ म्हणतात.

माझा भाचा जहाजावर नोकरीला. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात उतरला की तो हेच शोधतो. "मावशी, उसळच गं, पण निवांत शिजवलेली. पावाबरोबर खातात." मी कडक भाकऱ्या करून विकते. भाकरी कुस्करायला नवा रस्सा म्हटल्यावर कान टवकारणारच.

ग्रीसमध्ये कडधान्याला एवढा मान मिळाला, त्यात उपासांचा मोठा वाटा आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरआधीचे कित्येक आठवडे मांस, अंडी, दूध वर्ज्य. मग उरतात कडधान्यं आणि भाज्या. आपल्या उपासाला कडधान्य चालत नाही, साबुदाणा मात्र वाडगाभर चालतो. देवाला दोन्ही पोचत असेल, रक्तातल्या साखरेला फरक पडतो!

अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ साली सात देशांतल्या लोकांचा आहार आणि हृदयविकार यांचा अभ्यास सुरू केला. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या गावकऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू फारच कमी आढळले. ही माणसं कडधान्य, भाज्या, ऑलिव्हचं तेल खात आणि दिवसभर शेतात राबत. हे राबणं विसरून नुसती तेलाची महागडी बाटली आणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

घेवडा मुळात ग्रीसचाही नाही. कोलंबसानंतर तो अमेरिका खंडातून युरोपात गेला, आपल्याकडेही बाहेरूनच आला. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा त्याच जातीचा. पांढरा राजमा मिळाला नाही की मी वाघ्याच वापरते. रंग जरा गढूळ येतो, चवीला काकणभर सरसच.

आता कृती. चार-पाच माणसांना पाव किलो घेवडा रात्रभर भिजवा आणि सकाळी ते पाणी टाकून द्या. नव्या पाण्यात दहा मिनिटं खळाखळा उकळा, फेस काढा, मग कुकरला लावा. ही उकळी चुकवू नका. कच्च्या राजमा-घेवड्यात एक विषारी प्रथिन असतं. ते नुसत्या मंद आचेवर नष्ट होत नाही, आणि अर्धवट शिजलेल्या दाण्यांनी उलट्या-जुलाब होतात. दाणा दोन बोटांत चेपून पिठासारखा झाला पाहिजे.

बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ही सोलापुरातल्या घराघरांतली तक्रार. त्या जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याला मऊ होऊ देत नाही. म्हणून फिल्टरचं पाणी घ्या, नाहीतर भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. चिमूटभरच, कारण जास्त सोड्यानं चव बिघडते आणि ब-जीवनसत्त्वही नासतं. टोमॅटोचंही तसंच. आंबट पाण्यात दाणा निबर राहतो, म्हणून टोमॅटो दाणा शिजल्यावरच घाला.

दाणे मऊ झाले की दोन कांदे, दोन गाजरं, तीन टोमॅटो चिरून घाला आणि अर्धा तास मंद उकळू द्या. सेलरी इथल्या मंडईत रोज मिळत नाही. मी कोथिंबिरीचे देठ आणि चिमूटभर ओवा घालते. सेलरी, गाजर, कोथिंबीर, ओवा ही सगळी एकाच कुळातली, त्यामुळे बिनसत नाही. मीठ आणि मिरपूड शेवटी. लसूण मी घालतेच, ग्रीसचं काय म्हणणं असेल ते असो.

तेलात मात्र ग्रीक हात सैल आहे. एवढ्या रश्शाला ते सहज अर्धी वाटी ऑलिव्ह तेल ओततात. आपल्याकडे त्याला जवळचं शेंगदाण्याचं. ऑलिव्हमधलं मुख्य स्निग्धाम्ल, ओलेइक, शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास असतं. नेहमीच्या करडई तेलाची घडण निराळी. मी घाण्याचं शेंगदाणा तेल चार चमचे घालते. ज्यांना राबणं नाही त्यांना तेवढं पुष्कळ.

सोबत ज्वारीची कडक भाकरी. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी असेल तर सोन्याहून पिवळं. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते घेवड्यात भरपूर. घेवड्यात मेथिओनिन कमी, ते ज्वारी पुरवते. कडधान्यातल्या चोथ्यामुळे जेवणानंतरची साखरही हळूहळू चढते. शेंगा चटणी चमचाभरच घ्या, तिच्यात मीठ असतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं, कारण कडधान्यात पोटॅशियम बरंच असतं.

हे सगळं करताना मला सारखा हुलगा आठवतो. पावसानं ओढ दिली तरी तग धरणारं, याच देशात रुजलेलं धान्य. शंभर ग्रॅम हुलग्यात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन, म्हणजे घेवड्याच्या बरोबरीनं. भाजून दळलेलं हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून, जिरं-लसूण किंवा गूळ घालून शिजवलं की माडगं तयार. लसणाच्या रश्शात पिठाच्या वळ्या सोडल्या की शेंगोळी. कानडी घरांत याच हुलग्याचं सारू होतं, तेलुगू मुलखात उलवचारू. या तिन्ही भाषा सोलापूरच्या एकेका गल्लीत ऐकू येतात, पण पाहुणा आला की ताटात पनीर.

फासोलाडा जरूर करा, पोराबाळांना आवडतो. मात्र त्याच खेपेला मंडईत अर्धा किलो हुलगाही मागा. दुकानदार विचारेल, "बैलाला की घरी?" बेलाशक सांगा, घरी.