मंदी आधी कुणाच्या कामावर येते?

अमेरिकेतल्या दोन मंद्या

• बेरोजगार म्हणजे हाताला काम नाही, गेल्या चार आठवड्यांत ते शोधले आहे आणि मिळाल्यास रुजू होता येईल, अशी व्यक्ती. शोध थांबवला की ती श्रमशक्तीबाहेर गणली जाते. लेकरं सांभाळायला नोकरी सोडून घरी बसलेली आई त्यामुळे बेरोजगारांच्या आकड्यात दिसतच नाही. आकडे वाचताना हे विसरू नये.

• डिसेंबर 2007 ते जून 2009 : आधी बांधकाम आणि कारखाने बसले. गवंडी, सुतार, मोटार कारखान्यांतले कामगार घरी आले. यांत बहुसंख्य पुरुष. ऑक्टोबर 2009 मध्ये बेरोजगारी 10 टक्क्यांवर पोचली. वीस वर्षांवरील पुरुषांत दर त्याहून जास्त, स्त्रियांत सुमारे 8 टक्के. रुग्णालयांतली भरती मंदीतही चालू होती. पुढे स्थानिक सरकारांनी खर्च कापला, तेव्हा शिक्षिकांच्या नोकऱ्या गेल्या.

• फेब्रुवारी ते एप्रिल 2020 : या वेळी फटका समोरासमोरच्या सेवांना. उपाहारगृहं, पाळणाघरं, ब्यूटी पार्लर एकाएकी बंद. एप्रिलमध्ये स्त्रियांतली बेरोजगारी सुमारे 16 टक्के, पुरुषांतली सुमारे 13.

• भारतात बेरोजगारीची मोजणी 2017 पासून ‘नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण’ करते.