कैचीचं पाठ टाचण

तारापूर एमआयडीसीमुळे बोईसरला देशभरातून माणसं आली आणि त्यांच्यामागून सलून आणि पार्लरं आली. स्टेशनपासून नवापूर रस्त्याकडे, तिकडे पालघरात कचेरी रोडला, दर थोड्या अंतरावर एखादी पाटी दिसतेच. आत मालकिणीसोबत एक-दोन मुली असतात. त्या ‘शिकायला’ आलेल्या असतात. आधी झाडलोट, टॉवेल धुणं, मग थ्रेडिंग, मेंदी, शॅम्पू आणि बऱ्याच महिन्यांनी केव्हातरी कैची. बघून बघून शिकायचं. या रीतीनं उत्तम हात तयार होतात, यात शंका नाही. अडतं ते पुढे. हाच तयार हात दुसऱ्या मुलीला शिकवायला उभा राहतो तेव्हा ‘कैची अशी धर’ याच्यापलीकडे जाता येत नाही. अशी म्हणजे कशी? बट डोक्यापासून किती उचलायची? केस ओले असताना किती ताणायचे, आणि वाळल्यावर ते आखडतील त्याचा हिशेब कुठे धरायचा?

या प्रश्नांची उत्तरं शब्दांत देता येणाऱ्या माणसाला आपल्याकडे सरकारी नाव आहे, शिल्प निदेशक. आयटीआय ज्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतात, ती १९५० सालची. तिथे फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं; ‘कॉस्मेटॉलॉजी’ हाही एक वर्षाचा व्यवसाय आहे आणि दहावी पास मुलीला त्याला प्रवेश मिळतो, हे फार थोड्या घरांत माहीत असतं. आणि तो व्यवसाय शिकवायला जी व्यक्ती लागते, तिच्यासाठी वेगळं एक वर्षाचं शिक्षण आहे, ते तर पार्लर चालवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची ही शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना. बोलण्यात तिला ‘सीआयटीएस’ म्हणतात. मुंबईत महिलांसाठीची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे. देशातल्या अशा महिला संस्थांमध्ये कॉस्मेटॉलॉजी हा निदेशक प्रशिक्षणाचा विषय असतो.

निदेशक प्रशिक्षणाच्या या वर्षात नवीन हेअरकट शिकणं ही कमी महत्त्वाची गोष्ट. खरं काम असतं आपल्याच हाताचे तुकडे पाडण्याचं. दहा वर्षं सहज होत आलेला स्टेप कट कागदावर उतरवायचा: पहिली कृती कोणती, ती का, चुकली तर काय दिसेल, नवखी नेमकी कुठे चुकेल. याचं पाठ टाचण काढायचं, ते वर्गासमोर घ्यायचं आणि सोबतच्या प्रशिक्षणार्थींकडून त्यावर टीका ऐकून घ्यायची. धड्याचे टप्पे चार: तयारी, सादरीकरण, उपयोजन आणि चाचणी. ही चौकट पहिल्या महायुद्धातली. अमेरिकेच्या जहाजबांधणीत हजारो नवखे कामगार झटपट घडवायचे होते, तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन यांनी ती वापरली आणि १९१९ साली पुस्तकात मांडली. जहाजाच्या रिव्हेटसाठी घडलेली रीत आज डमीच्या डोक्यावरच्या बटेला लागू पडते, कारण दोन्हीकडे अडचण एकच आहे. कसबी माणसाला आपण काय करतो ते दिसत नाही.

केशकर्तन शिकवता येण्याजोगं झालं त्यात विडाल ससून यांचा वाटा मोठा. लंडनचा हा मुलगा चौदाव्या वर्षी एका केशकर्तनकाराकडे उमेदवारीला लागला, आपल्याकडच्या मुली लागतात तसाच. १९६०च्या दशकात त्यांनी कापणीला भूमिती दिली. बट सरळ खाली सोडून कापली की टोकाला जाड, सलग रेघ येते; ४५ अंशांत उचलली की केसांचं वजन वर चढतं; ९० अंशांत लेयर पडतात. कोन सांगता येतो, मोजता येतो, म्हणून तपासताही येतो. त्यांच्या नावाच्या अकादमी पुढे उभ्या राहू शकल्या त्या यामुळेच, असं मला वाटतं.

रंगाच्या बाबतीत तर न समजता केलेलं काम अंगावर येतं. वीस व्हॉल्यूमचं डेव्हलपर म्हणजे सहा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, चाळीसचं म्हणजे बारा टक्के. हे गणित न कळता ‘लवकर चढेल’ म्हणून तीव्र बाटली उघडली तर टाळू भाजते. काळ्या रंगातल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी काहींना गंभीर त्रास देते, म्हणून ४८ तास आधी पॅच टेस्ट करायची. रसायनं आणि रंगद्रव्यांच्या कारखान्यांवर जगणाऱ्या बोईसरमध्ये निदान ही गोष्ट समजावून सांगायला अवघड जाऊ नये. प्रशिक्षित निदेशक हे पहिल्या आठवड्यात शिकवते. पार्लरात ते पहिली भाजणूक झाल्यावर कळतं.

नाभिक घरांमध्ये ही विद्या धोकटीबरोबर बापाकडून मुलाकडे जात आली. त्या कसबाबद्दल मनात आदर आहे. पण घराबाहेरच्या मुलीला ती मिळायची तर मधे शिकवणारं कुणीतरी लागतं. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत केशकर्तनही आहे. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोजचे पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत. पैसे आले, यादी झाली. समोर उभं राहून शिकवणारी माणसं जिल्ह्यातलीच का असू नयेत? जव्हार-मोखाड्याच्या मुलीला तिच्या बोलीत ‘बट’ आणि ‘कोन’ समजावणारी बाई मुंबईहून आणायची गरज पडू नये.

निदेशक होण्याची वाट सोपी आहे असं मी म्हणणार नाही. एक वर्ष कमाई थांबते. एप्रिल २०१३पासून लोकल डहाणूपर्यंत धावते, त्यामुळे पालघर-बोईसरहून मुंबईला रोज जाऊन येणं जमतं, पण पाठ टाचण लिहायला रात्रच उरते. प्रमाणपत्र हाती आल्यावर पहिली नेमणूक बहुधा तासिका तत्त्वावर मिळते, आणि चालत्या पार्लरचा गल्ला त्याहून जास्त असू शकतो. तरीही चाळिशीनंतर दिवसभर उभं राहून कंबर आणि मनगट बोलू लागतं, तेव्हा ज्ञानावर चालणारं काम हाताशी असणं फार मोठी गोष्ट आहे.

सगळ्यात फसवी अडचण मात्र कागदाची. आयटीआयचं प्रमाणपत्र असलेल्या मुलीला निदेशक होण्यासाठी तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पार्लरात पगार रोखीनं, हजेरीपट नाही, नेमणूकपत्र नाही. पाच वर्षं राबलेली मुलगी अर्जाच्या वेळी कोऱ्या हातानं उभी राहते. याला ना अनुदान लागतं ना नवी योजना. गुमास्ता परवाना असलेल्या प्रत्येक सलून आणि पार्लरनं मुलगी रुजू होते त्याच दिवशी तारीख घालून, शिक्का मारून तिला पत्र द्यावं. आणि तालुक्यातल्या आयटीआयनं अशा मालक-मालकिणींना बोलावून त्या पत्राचा नमुना हातात ठेवावा. हे येत्या प्रवेशाच्या हंगामाआधी होऊ शकतं.