स्टॅक बदलताना येणारा इंटरप्ट

एकाच प्रोसेसरवर अनेक कार्ये आळीपाळीने चालवावयाची, तर एका कार्याचा स्टॅक सोडून दुसऱ्याचा धरणे क्रमप्राप्तच असते. हा बदल अखंड व्हावयास हवा. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरात मात्र स्टॅकचा पत्ता एसएस व एसपी या दोन रजिस्टरांत विभागलेला आहे. एसएसला १६ ने गुणून त्यात एसपी मिळविला म्हणजे २० बिटांचा पत्ता सिद्ध होतो. दोन रजिस्टरे भरावयास दोन आज्ञा लागतात. त्या दोहोंच्या मध्येच इंटरप्ट आला तर? प्रोसेसर फ्लॅग्ज, सीएस व आयपी यांचे सहा बाइट नवा एसएस आणि जुना एसपी यांनी दर्शविलेल्या, बहुधा कोणत्याच स्टॅकच्या नसलेल्या, जागी लिहून मोकळा होतो. आज्ञांचा क्रम उलटा केल्यानेही काही साधत नाही.

यातील खरी मेख अशी की, इंटरप्टची सेवा आटोपल्यावर तेच बाइट त्याच जागेवरून परत वाचले जातात. परतीचा मार्ग बिनचूक ठरतो आणि काहीच न घडल्यासारखे काम पुढे चालते. नासाडी होते ती त्या जागी पूर्वी असलेल्या मजकुराची. ती उघडकीस येते उशिरा, आणि भलत्याच ठिकाणी.

एसएस भरल्यानंतर पुढील एक आज्ञा पुरी होईपर्यंत इंटरप्ट थोपवून धरावा, असा उपाय पुढे प्रोसेसरातच करण्यात आला; परंतु ८०८६ व ८०८८ यांच्या प्रारंभीच्या प्रतींत तो नव्हता. त्यांच्यासाठी प्रथम सीएलआय आज्ञेने इंटरप्ट बंद करून मग दोन्ही रजिस्टरे भरावी लागत. शेवटी डोळे झाकून एसटीआय देणे मात्र चूक. नव्या कार्याने इंटरप्ट मुद्दाम बंद ठेवले असतील, तर ते अकारण उघडतील. म्हणून प्रत्येक कार्याचे फ्लॅग्ज त्याच्याच स्टॅकवर ठेवून पॉपएफने परत घेणे प्रशस्त.

एनएमआय हा संकेत तर सीएलआयला जुमानतच नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत तो प्रोसेसरबाहेरील मंडलात रोखण्याची सोय होती. स्मृतीतील पॅरिटी-दोषामुळे तो आला तर यंत्रच थांबावयाचे. मग सहा बाइटांची क्षिती कोणाला? पण ८०८७ या सहप्रोसेसरचा संकेतही त्याच वाटेने येई, आणि त्यानंतर काम पुढे चालावयाचे असे.

बरे, पॉपएफवर विसंबावे, तर १९८२ च्या ८०२८६ च्या काही प्रतींत तीच आज्ञा सदोष निघाली. आधी व नंतर इंटरप्ट बंद असूनही ती चालू असताना एखादा इंटरप्ट आत शिरे. तेथे फ्लॅग्जच्या वर सीएस व परतीचा पत्ता रचून आयरेट या आज्ञेकरवी ते उचलावे लागत.

मे २०१८ मध्ये त्या थोपविण्याच्या सोयीचीच दुसरी बाजू पुढे आली. एसएस भरणाऱ्या आज्ञेवर डीबग-अपवाद उद्भवला, तर तोही एक आज्ञा पुढे ढकलला जातो. ती आज्ञा सिसकॉल असेल, तर तो प्रकट होतो कर्नेलच्या उंबरठ्यावर, कर्नेलने स्वतःचा स्टॅक धरण्यापूर्वीच! विंडोज, मॅकओएस व लिनक्स या तिन्ही प्रणालींना दुरुस्त्या कराव्या लागल्या. या खेपेस प्रोसेसरने नियम मोडला नव्हता. त्या नियमाचा हा परिणाम प्रणालीकारांच्या ध्यानात आला नव्हता.