मंगळाची साय, सह्याद्रीचा छेद

देवगडहून दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे निघाले की वाटेत सडे लागतात. जांभ्या दगडाची ही सपाट पठारे पावसाळ्यात हिरवी असतात आणि वैशाखात भाजलेल्या विटेसारखी तापतात. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर प्राचीन माणसाने कातळशिल्पे कोरली, ती याच दगडात. वरून पाहिले तर देवगडचा सडा आणि वेंगुर्ल्याचा सडा यांत फरक दिसत नाही. रंग तोच, छिद्रे तीच, चिराही तसाच निघतो. पण खोल विहीर खणली की गोष्ट बदलते. चिऱ्याचा कठीण थर संपला की मऊ, रंगीबेरंगी माती लागते आणि तिच्या तळाशी कुजत चाललेला मूळ खडक. उत्तरेकडे तो बहुधा बेसाल्ट असतो. त्याचे गोल धोंडे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटतात आणि त्यांत गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, कण सहसा सापडत नाही. दक्षिणेकडे अनेक ठिकाणी त्याच्या जागी दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी जुना पट्टेदार नाइस खडक असतो. तो कुजला तरी त्यातले गारेचे कण हाताला खरखरीत लागतात, कारण गार सहजासहजी विरघळत नाही. दोन वेगळ्या खडकांवर उष्ण हवा आणि धुवाधार पाऊस यांनी एकच मुखवटा चढवला आहे. पृष्ठभाग सारखा दिसला म्हणून त्यामागचे कारण सारखे ठरत नाही, हा भूविज्ञानातला महत्त्वाचा धडा सिंधुदुर्गात विहिरीच्या काठावर शिकता येतो.

हाच धडा घेऊन एक भूवैज्ञानिक मंगळापर्यंत कसा पोहोचतो, हे लास्लो केस्तहेयी यांच्या संशोधनातून दिसते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे फ्लॅगस्टाफ येथे ग्रहांच्या भूविज्ञानाचे केंद्र आहे. केस्तहेयी तिथले संशोधक. हवाई बेटावरच्या किलाउआ ज्वालामुखीचा ताजा लाव्हा किती वेगाने थंड होतो, हे त्यांनी आधी अभ्यासले. मग स्टीफन सेल्फ आणि थोरवाल्दुर थोर्दारसन यांच्यासोबत तो हिशेब दख्खनच्या बेसाल्टला लावून पाहिला. त्यांचा हा लेख १९९९ साली जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या दख्खनवरील ग्रंथात आला. पुढे त्याच दृष्टीने त्यांनी मंगळाची छायाचित्रे वाचली. हवाई, दख्खन, मंगळ हा क्रम योगायोगाने जुळलेला नाही. हवाईत लाव्हा वाहताना दिसतो, पण त्याच्या पोटात शिरता येत नाही. मंगळावर गोठलेल्या लाव्ह्याची कातडी शाबूत आहे, पण पोट बहुतेक झाकलेले आहे. सह्याद्रीत कातडी बरीच झिजली आहे, पण घाटाघाटांत पोट उभे चिरलेले दिसते. या तीन ठिकाणी मिळणारा पुरावा एकमेकांना पूरक ठरतो, आणि म्हणूनच दुसऱ्या ग्रहाचा पृष्ठभाग वाचण्यासाठी दख्खनचा छेद मोलाचा आहे.

हे समजायला तापत्या दुधाची साय आठवावी. हवाईतल्या ज्या लाव्ह्याला पाहोएहोए म्हणतात, त्याचे तापमान अकराशे अंश सेल्सिअसच्या पुढे असते. बाहेर पडताच त्याच्यावर पातळ साय धरते. आतून लाव्हा येतच राहतो आणि सायीला खालून उचलतो; काही सेंटिमीटर जाडीची जीभ फुगत फुगत काही मीटर उंच होते. साय मात्र सावकाश जाड होते, कारण उष्णतेला तिच्यातूनच बाहेर पडावे लागते. किलाउआवरच्या मोजमापांवरून काढलेल्या सूत्रानुसार एक मीटर साय जमायला सुमारे सात दिवस लागतात. पाच मीटरला जवळजवळ सहा महिने, तर दहा मीटरला दोन वर्षांहून थोडे कमी. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. आता एखाद्या घाटातली लाव्ह्याची एक पायरी पाहा. वरच्या भागात बुडबुड्यांची छिद्रे दाटीने असतात, काहींत झिओलाइट नावाचे पांढरे खनिज भरलेले. मधला भाग घट्ट, काळा. तळाशी पुन्हा छिद्रांची पातळ पट्टी. वरचा छिद्रांचा थर म्हणजे तेव्हाची साय. तिची जाडी टेपने मोजली की तो प्रवाह आतून किती काळ पातळ राहिला याचा अंदाज बांधता येतो. एकेकाळी असे मानत की बेसाल्टचे असे महापूर काही दिवसांत वा आठवड्यांत पसरले. या सायीने तो समज हलवला. ज्या प्रवाहांत ती जाड आहे, ते महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे फुगत होते. पुण्याच्या रेमंड दुराईस्वामी, निनाद बोंद्रे, गौरी डोळे यांच्यासारख्या संशोधकांनी दख्खनच्या प्रवाहांचे आकार असे बारकाईने नोंदवले. काही प्रवाहांची साय आतल्या हालचालीने तुटून तिच्या ठिकऱ्या झाल्याचेही त्यांनी दाखवले.

मंगळावर या अभ्यासाची कसोटी लागली ती एका वादात. २००५ साली काही शास्त्रज्ञांनी युरोपच्या मार्स एक्सप्रेस यानाची छायाचित्रे पाहून मांडले की एलिसियम भागात धुळीखाली गोठलेला समुद्र असावा. चित्रात मोठमोठे तुटलेले पत्रे होते, ध्रुवीय समुद्रात तरंगणाऱ्या हिमखंडांसारखे, आणि ते जुळवले तर एकमेकांत बसत होते. दावा उथळ नव्हता. पाण्यावरचे बर्फ असेच तुटते. पण १७८३-८४ साली आइसलंडमध्ये लाकीच्या भेगेतून आठ महिन्यांत जवळजवळ पंधरा घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला, त्याच्या पृष्ठभागावरही तसेच तुटून वाहिलेले पत्रे आहेत. केस्तहेयी आणि सहकाऱ्यांनी ही तुलना २००० सालीच मांडली होती. मग मार्स रिकॉनसन्स ऑर्बिटर हे यान मंगळाभोवती फिरू लागले आणि त्याच्या हायराइज कॅमेऱ्याने हाताच्या लांबीएवढे तपशील टिपले. २०१२ साली त्या चित्रांत जिलबीसारखी वेटोळी सापडली, काही मीटरांपासून सुमारे तीस मीटर रुंदीची. वेगवेगळ्या वेगाने सरकणाऱ्या दोन पट्ट्यांच्या सीमेवर मऊ लाव्हा असा गुंडाळला जातो. हवाईत तो तसा दिसतो. बर्फात अशी वेटोळी कुणाला दिसलेली नाहीत. दूरवरचे साम्य दोन्ही बाजूंना सारखेच साथ देत होते. निकालाचे पारडे झुकवले ते घडण्याची रीत सांगणाऱ्या खुणेने.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या अडतीस टक्के, हवेचा दाब एक टक्क्याहूनही कमी. मग तुलना टिकेल कशी? आकड्याला आकडा जोडला तर टिकणार नाही. कमी ओढीमुळे तोच लाव्हा तिथे हळू वाहील आणि जाड राहील. कमी दाबात बुडबुडे जास्त फुगतील. पण साय एकदा पुरेशी जाड झाली की उष्णता किती लवकर सुटेल, हे मुख्यतः खडकच ठरवतो, बाहेरची हवा नव्हे, आणि बेसाल्ट दोन्हीकडे बेसाल्टच आहे. ग्रह बदलला की सूत्रातल्या राशी बदलतात, सूत्र घडवणारे भौतिकशास्त्र तेच राहते. रीत तीच ठेवूनही उत्तर वेगळे येऊ शकते; याचा उत्तम दाखला मंगळाच्याच अथाबास्का दरीचा. तिथला, सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर व्यापणारा लाव्हा सावकाश फुगलेला नसून खळाळत, थोड्या काळात पसरला असावा, असे २०१० साली मांडणाऱ्या गटात केस्तहेयी स्वतः होते. दख्खनमध्ये संथ वाढीची बाजू मांडणाऱ्या माणसाने मंगळावर पुरावा वेगळा दिसताच वेगळा निष्कर्ष स्वीकारला. दख्खनकडून उचलायची ती तपासणीची रीत; तयार उत्तर नव्हे.

दुसरा आक्षेप सिंधुदुर्गच्या मातीतून उठतो. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपेक्षा जुना. कोकणात तर त्याचा जांभा झाला. पावसाने सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेले आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे ठेवली. असा झिजलेला प्रदेश मंगळाचा नमुना कसा? सड्याचा लाल रंग पाहून त्याला मंगळाचा भाऊ म्हणण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. मंगळाची लाली मुख्यतः वरच्या धुळीची आहे. सड्याची लाली खडकाच्या खोलवर झालेल्या कुजण्याची. पण जी झीज कातडी पुसते, तीच डोंगर चिरते. पाऊस, नद्या आणि कडे नसते तर शेकडो मीटर जाडीचे लाव्ह्याचे थर एकावर एक असे वाचायला मिळालेच नसते. मंगळावरही शास्त्रज्ञ असा छेदच शोधतात: मार्ते दरीतल्या एका विवराच्या कडेत २००९ साली बेसाल्टचे उभे बहुकोनी खांब आढळल्याचे जाहीर झाले, तेही केस्तहेयी ज्यात होते अशाच एका गटाकडून. असे खांब अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर कुणालाही पाहता येतात. मंगळावर ते दिसले, कारण उल्केने तिथली कातडी फोडली होती.

तिसरा प्रश्न कोकणातला माणूस विचारील, आणि त्याने विचारावाच: या सगळ्याचा आम्हाला काय उपयोग? सड्यावर मार्गशीर्षानंतर पाणी का टिकत नाही आणि त्याच सड्याच्या कडेला, खालच्या वाडीत झरा उन्हाळ्यातही का वाहतो, याचे उत्तर याच छेदात आहे. सच्छिद्र जांभा पाणी गिळतो, खालची चिकण माती ते अडवते, आणि दोहोंच्या सांध्यावर ते बाहेर पडते. विहीर कुठे लागेल हे वरचा दगड पाहून ठरवणे आणि चित्रातले पत्रे पाहून मंगळावर समुद्र मानणे, या दोन्हींत चूक एकच. म्हणून घाटरस्ता रुंद होताना, चिरेखाण खोल जाताना, नवी विहीर उतरताना जो छेद काही दिवस उघडा पडतो, त्याची नोंद व्हायला हवी: कोणता थर किती जाड, छिद्रे कुठे दाट, गार आहे की नाही. टेप, वही आणि कॅमेरा एवढ्यावर हे काम कुडाळ-मालवणच्या महाविद्यालयातले विद्यार्थी करू शकतात. मंगळावर असा एक छेद मिळवायला बहुधा उल्का पडावी लागते. इथे तो आपणच रोज उघडतो आणि न वाचता बुजवतो.