पोटातली हवा, छातीतली हवा

‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं, की आपल्याकडच्या बायकांना कुटुंबनियोजनाचं शिबिर आठवतं. बेंबीजवळ छोटीशी चीर, एखाद-दुसरा टाका, झालं! म्हणूनच यकृताची गाठ दुर्बिणीतून काढायची म्हटल्यावर नातेवाईक विचारतात, “म्हणजे किरकोळच ना हो, मॅडम?” मी भूलतज्ज्ञ. ‘किरकोळ’ या शब्दाला आम्ही जरा बिचकतोच.

या ऑपरेशनात पोट आधी फुग्यासारखं फुगवतात, म्हणजे आत हत्यारं फिरवायला जागा होते. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो पेटत नाही आणि रक्तात हवेपेक्षा कितीतरी सहज विरघळतो. दाब साधारण १२ मिलिमीटर. आपलं बीपी १२०/८० येतं ना, तेच हे माप.

यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. त्यातल्या मोठ्या शिरा मांसात घट्ट रुतलेल्या. कापल्या गेल्या तर मिटत नाहीत, तोंड उघडंच राहतं. शिरेतला दाब जास्त, तर रक्त बाहेर. पोटातल्या वायूचा जास्त, तर वायू आत. नगरपालिकेचं पाणी गेल्यावर उघडी तोटी सूं-सूं करत हवा ओढते ना, तसंच. थोडे बुडबुडे विरघळून जातात, कळतही नाही. मोठा लोट गेला तर मात्र हृदयात अडकून रक्त पुढे सरकत नाही. असं क्वचितच होतं, पण जिवावर बेततं.

आता माझं काम. भुलेत श्वास मशीन देतं, म्हणजे हवा आत ढकलतं. हा दाब वाढला, की रक्त मागे यकृतात तुंबतं आणि जखम भळभळते. सर्जन म्हणतात, “मॅडम, दाब कमी करा!” कमी केला, की रक्तस्राव आटोक्यात, पण रिकाम्या शिरेत वायू शिरायची भीती. त्यात फुगलेलं पोट फुफ्फुसांना खालून रेटतं, आणि रक्तात मुरलेला वायू श्वासावाटेच बाहेर काढायचा असतो. सासर-माहेर दोन्हीकडची मनं सांभाळण्यातलाच प्रकार! मी छोटे श्वास देते, जरा भरभर. रक्त थांबवायला पोटातला दाब चढवणं मला पटत नाही. डुकरांवरच्या प्रयोगांत त्यानं रक्त कमी गेलं, पण वायू जास्त शिरला.

एका पन्नाशीच्या बाईंच्या ऑपरेशनात उच्छ्वासातल्या वायूचा आकडा ३५ वरून एकदम १८ वर आला, पाठोपाठ बीपी घसरलं. “गॅस बंद!” मी ओरडले. सर्जननी शीर दाबून धरली, पोटातला वायू सोडला. शंभर टक्के ऑक्सिजन, सलाइन जोरात, डोकं खाली, टेबल डावीकडे कललेलं. ती चार-पाच मिनिटं फार लांब होती. मग आकडा हळूहळू चढला. उरलेलं ऑपरेशन पोट उघडून झालं. बाई बऱ्या झाल्या, पण घरचे रागावले, “दुर्बिणीतून सांगितलं होतं, मग एवढी मोठी चीर का?” वेळीच पोट उघडणं म्हणजे डॉक्टर हरले असं नव्हे, हे आधीच समजावून घ्यायला हवं.

तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं, तर भूलतज्ज्ञाला भेटाच. दमा, धाप, तंबाखू, मिश्री, काही लपवू नका. हृदयाला छिद्र असल्याचं कधी कुणी सांगितलं असेल तर नक्की सांगा. त्यातून बुडबुडा मेंदूकडे जाऊ शकतो. आणि ऑपरेशननंतर खांदा दुखला तर घाबरू नका. पोट फुगवल्यानं तसं होतं, एक-दोन दिवसांत बहुधा थांबतं.