ज्वारीला कितीसे बसणार?

लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्ज अधिकारी होतो. २००१ सालचा जून. समोर अप्पा बसलेले. पाच एकर कोरडवाहू जमीन आणि तीन एकर ज्वारीसाठी पीककर्जाची मागणी. मी म्हणालो, "अप्पा, ज्वारीला कितीसे बसणार? सोयाबीन लिहू का? एकरी जास्त मिळेल."

"सायेब, ते खायाचं कसं? आन् बैलाला काय घालायचं?"

"विकायचे आणि ज्वारी विकत आणायची!" मी हसत सांगितले आणि अर्जावर सोयाबीन लिहिले.

असे किती अर्ज मी लिहिले असतील! कुणाला फसवले नाही, नियमाबाहेर गेलो नाही. कोणत्या पिकाला एकरी किती कर्ज द्यायचे, हे जिल्ह्याची समिती लागवडीचा खर्च पाहून ठरवते. ज्वारीला खर्च कमी, म्हणून कर्जही कमी. थोडक्या खर्चात येणे हा पिकाचा गुण. आमच्या तक्त्यात तो दोष होऊन बसे. वसुलीचेही तेच. उसाचे कर्ज कारखाना बिलातून कापून देई. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघे आणि दिवाळीच्या सुमारास मोंढ्यावर जाई. ज्वारी मात्र थोडी कणगीत, थोडी मजुरीत आणि कडबा गोठ्यात. पावती कशाचीच नाही. घरात खाल्लेले धान्य बँकेच्या लेखी पिकलेलेच नसते.

आता हळहळताना खोटा गोडवाही नको. १९७२ च्या दुष्काळात आमच्या पिढीने परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली आहे. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला, खरिपाची ज्वारी भरभरून पिकू लागली. पण ऐन काढणीत पाऊस आला की दाणा काळा पडे आणि व्यापारी तोंड फिरवी. पुढे रेशनवर स्वस्त गहू-तांदूळ आला, ट्रॅक्टर आला, बैल गेले, कडब्याची गरजही गेली. शेवटी पाखरांनी हिशेब पुरा केला. शिवारभर ज्वारी असते तेव्हा पाखरांचे खाणे वाटले जाते. एकट्याचेच रान उरले की सगळे थवे त्याच्यावर. गोफण घेऊन दिवसभर मचाणावर बसायला घरात माणूस कुठे आहे?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची मालदांडी अजून तग धरून आहे. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचे म्हणून साजरे केले. पुण्यातल्या आमच्या दुकानात तेव्हापासून ज्वारी गव्हाच्या वरच्या भावाने बसली आहे.

निवृत्तीनंतर एकदा अप्पांकडे गेलो. ते थकले होते, पण ओळख पक्की. गोठ्यात मोटारसायकल, कणगीत खताची रिकामी पोती. जेवायला रेशनच्या गव्हाची चपाती. सोयाबीनचा भाव त्या वर्षी पडलेला. त्याविषयी त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही.

निघताना त्यांची कारभारीण दारापर्यंत आली. म्हणाली, "भाऊ, पुण्याला चांगली ज्वारी मिळती म्हणं. पुन्यांदा आलाव तर पाच किलो आणा. ह्यांना भाकरीबिगर जेवल्यावानी वाटत न्हाई."